नोंदणीआधीचा गुडघा

१२ जुलै २०२४, शुक्रवार

आज आमच्या इस्पितळात विज्ञानाचा मुहूर्त झाला. नारळ फुटला, कापूर पेटला, आणि साडेनऊला, म्हणजे राहुकाळ लागायच्या तासभर आधी, डॉ. सांबशिव यांनी पहिल्या पेशंटच्या गुडघ्यात सुई घातली. एवढी घाई कशाची? तर बुधवारी आडि महिना लागतो. आडीत तंजावरात कोणी लग्न करत नाही, नव्या घरात जात नाही, आणि आज कळलं की गुडघ्यांवर संशोधनही सुरू करत नाही.

संशोधन असं. गुडघेदुखीचे साठ पेशंट घ्यायचे. बंद पाकिटातून निघेल त्या चिठ्ठीप्रमाणे तिसांना त्यांच्याच रक्तातून काढलेल्या द्रव्याचं इंजेक्शन आणि व्यायाम, उरलेल्या तिसांना नुसता व्यायाम. सहा महिन्यांनी कोण बरं चालतं ते मोजायचं. मी तेहतीस वर्षं सरकारी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, आता या खासगी हाडांच्या इस्पितळात असल्या कामांचे कागद सांभाळतो. कागदाचा पहिला नियम असा की पहिला पेशंट घेण्याआधी सरकारी नोंदणीत सगळं लिहून द्यायचं: कोणते पेशंट, किती, काय मोजणार. आधी लिहिलेलं असलं की नको तो पेशंट मागाहून गाळता येत नाही. शाळकरी मुलालाही समजेल. डॉक्टरांना समजत नाही.

अर्ज मी तीन तारखेला भरला. नंबर आलेला नाही. हे त्यांना दोनदा सांगितलं.

"राव सार," ते म्हणाले, "नंबर येईलच. आडि थांबेल का?"

इतक्या घाईत पहिला पेशंट कुठून आणायचा, म्हणून मीच अक्काला नेलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुंदरीबाई, वय एकोणसत्तर. भाऊजी गेल्यापासून माझ्याकडे राहते. खरं तर मीच तिच्याकडे राहतो, कारण स्वयंपाकघर तिचं. तिच्या पाकिटातून इंजेक्शनची चिठ्ठी निघाली तेव्हा तिने हात जोडले. जानेवारीत तिरुवैयारूला कावेरीकाठच्या गाण्याच्या उत्सवात, आराधनेत, वाळूवर मांडी घालून बसायचं, गायचं, एवढंच तिला या गुडघ्याकडून हवं आहे. त्रेचाळीस वर्षांत तिने ते चुकवलेलं नाही.

हे सगळं देवनागरीत लिहितो ते मुद्दाम. अक्का मराठी बोलते पण लिहिते-वाचते तमिळ. या घरात माझ्या मताला याहून चांगलं कुलूप नाही.

२१ जुलै, रविवार

हाडांच्या मासिकांतले चाळीस निबंध काढून त्यांच्या नोंदणीच्या तारखा तपासल्या. कोणी सांगितलं नव्हतं, माझी हौस. तेवीस विद्वानांनी पहिला पेशंट घेऊन झाल्यावर नोंदणी केलेली, सहांनी तर शेवटचा पेशंट घरी गेल्यावर. वरातीमागून घोडं, आणि घोड्यावर पुन्हा प्रोफेसर! एकाने नोंदणीत लिहिलं होतं 'दुखणं मोजणार'. निबंधात मोजला गुडघ्याचा वाक. दुखणं कमी झालं नसणार, हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. लग्न लावून मग पत्रिका जुळवणारी ही जात आहे.

मध्येच अक्का येऊन उभी. "अनिरुद्धा, गुडघा ऊन झालाय रे. सुजलाय पण."

"सुई आहे ती, फूल नाही. सुजणारच."

तरी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दोन दिवसांत उतरेल. तसं तिला सांगितलं आणि चाळिसावा निबंध उघडला.

३ ऑगस्ट, शनिवार

आडिपेरुक्कु, कावेरीच्या वाढत्या पाण्याचा सण. चित्रान्नाचे डबे घेऊन तिरुवैयारूला गेलो. कावेरीला पाणी चांगलं आहे. दर वर्षी शेवटच्या पायरीपर्यंत उतरून नदीला हळदकुंकू वाहणारी आमची अक्का आज वरच्या बाकावर बसून राहिली आणि ताट माझ्या हातात दिलं. पुरुषाने हळदकुंकू घेऊन बायकांच्या घोळक्यात शिरायचं! मी तिला म्हटलं, इंजेक्शन दिलंय ते बसून राहण्यासाठी नाही, चाल, व्यायाम कर. माणसाला आयतं हवं असतं.

ती म्हणाली, "तूं वाहिलंस तरी पोंचतं नदीला."

६ ऑगस्ट, मंगळवार

नोंदणीचा नंबर काल आला. तारीख पाच ऑगस्ट. अक्काच्या गुडघ्यात सुई गेली बारा जुलैला. म्हणजे ज्या रांगेतल्या लोकांना मी पंधरा दिवसांपूर्वी हसलो, तिच्या शेपटाला आमचं इस्पितळ जाऊन उभं राहिलं. रात्रभर वाटलं, उद्या डॉक्टरांना चार शब्द ऐकवतो.

७ ऑगस्ट, बुधवार

आजचा दिवस मी जपून लिहितो, कारण असे दिवस माणसाच्या आयुष्यात थोडे येतात.

डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं: ते, मी आणि त्यांच्या हाताखालची डॉ. जननी. वय सव्वीस, नुकती शिकून आलेली, डोळ्यांत अजून सगळं छापील. डॉक्टरांनी उपाय काढला तो त्यांना शोभेसा. "राव सार, अक्कांच्या कागदावर चौदा ऑगस्ट घाला. महिनाभराचा तर प्रश्न."

मी उभा राहिलो. म्हटलं, "डॉक्टर, या हातांनी तेहतीस वर्षांत एका विद्यार्थ्याचा एक मार्क बदललेला नाही. तारीख बदलणार नाही."

मग मी त्यांना सरळ रस्ता दाखवला. नोंदणीआधी जो पेशंट घेतला तो नियमाने संशोधनात नाहीच. त्याला यादीतून काढा. आडि संपून आवणि महिना लागला की पहिला पेशंट नव्याने घ्या, त्याला क्रमांक एक द्या. खोटं एक अक्षर लिहावं लागत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीचं नाव मी माझ्या हाताने खोडलं. नियमापुढे नातं पाहिलं नाही.

डॉक्टर उठून माझा हात हातात घेऊन म्हणाले, "सार, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत."

जननीला मात्र काहीतरी विचारायचंच होतं. "सार, गाळलेल्या पेशंटचं पुढे काय झालं, ते कुठे लिहायचं? एथिक्स कमिटीला कळवायला नको का, की एकीला आधीच घेतलं होतं?"

"जी पेशंटच नाही, तिचं काय लिहिणार?"

"पण सार, आधी नोंदणी करायची ती कोणी नाहीसं होऊ नये म्हणूनच ना?"

उंटावरून शेळ्या हाकायला या पिढीला कोणी शिकवावं लागत नाही. मी तिला म्हटलं, नियमावली पुन्हा वाच.

घरी येऊन अक्काला सांगितलं, की तुझं नाव यादीतून काढलंय, आता तपासणीला यायचं कारण नाही, आणि गुडघ्याबद्दल इस्पितळातल्या कोणाशी काही बोलत बसू नकोस, उगाच घोटाळा होतो. ती तांदूळ निवडत होती, खुर्चीवर बसून. "सरि," म्हणाली, म्हणजे बरं. एवढंच. संशोधनातलं तिला काय कळणार.

१९ ऑगस्ट, सोमवार

आवणि लागला. आज क्रमांक एक: पापनाशमचे एक निवृत्त स्टेशनमास्तर. पाकिटातून नुसता व्यायाम निघाला, त्यामुळे जरा खट्टू झाले. सगळे कागद जागच्या जागी. इतकी स्वच्छ फाईल मी या इस्पितळात पाहिली नव्हती.

२२ सप्टेंबर, रविवार

अक्काची भक्ती वाढत चालली आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने उपासाच्या फुल्या मारते. या महिन्यात आजवर सतरा! एकादशी, प्रदोष, संकष्टी समजू शकतो. बाकीचे कुठल्या देवाचे ते तिलाच ठाऊक. म्हातारपणी बायका देवाच्या मागे लागतात, तो बिचारा जाणार कुठे. दारातला रांगोळीचा कोलमही हल्ली कामाला येणारी विशालाक्षी घालते, आणि तिच्या रेषा गाडीच्या चाकोरीसारख्या वाकड्या. अक्काला म्हटलं, तुझ्या हाताचा कोलम या गल्लीत नावाजलेला, हे काय मांडलंस? म्हणाली, "तिज शिकाचं आहे रे."

विशालाक्षी पन्नाशीची आहे. शिकायला उशीरच झाला म्हणायचा.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

नवरात्र. नऊ पायऱ्यांचा बाहुल्यांचा गोलू मांडायचं सोडून अक्काने यंदा जेवणाच्या टेबलावर तीन पायऱ्या रचल्या. तंजावरच्या मान डोलावणाऱ्या बाहुल्या माळ्यावरच. बघायला आलेल्या बायका 'अय्यो, इतकाच?' म्हणाल्या तेव्हा मला लाज वाटली. आळस अंगात शिरला की आधी देवाच्या कामात दिसतो.

इस्पितळात एकतीस पेशंट झाले. सोळा इंजेक्शनवाले. 'इंजेक्शनचा त्रास' या रकान्यात शून्य. डॉक्टर फेब्रुवारीत कोइमतूरच्या परिषदेत आत्तापर्यंतचे आकडे वाचणार आहेत. निबंधाच्या पहिल्या पानावर, नोंदणी क्रमांकाशेजारी, 'पहिल्या पेशंटच्या आधी नोंदणी केली' हे वाक्य मी स्वतः लिहिलं आणि तीनदा वाचलं. बघू दे त्या तेवीस विद्वानांना.

९ डिसेंबर, सोमवार

ओरत्तनाडूहून महालक्ष्मी नावाची बाई मुलाच्या खांद्याला धरून आली. तीन आठवड्यांपूर्वी तिला इंजेक्शन दिलं होतं. गुडघा पपनसाएवढा. डॉक्टरांनी पाणी काढलं, तरी वाकेना.

"अम्मा, आधी का नाही आलात?" जननीने विचारलं.

"सुजणारच म्हणाले होते ना सगळे," बाई म्हणाली. "मी म्हटलं, मग सुजलं."

आराखड्यात एक कलम आहे: इंजेक्शननंतर दोन गुडघे असे आखडले, तर इंजेक्शनं ताबडतोब थांबवायची आणि एथिक्स कमिटीला कळवायचं. कलम मीच घातलं आहे. डॉक्टरांना ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मला विचारलं, "राव सार, आजवर असं किती जणांना झालं?"

मी यादी उघडली. वरून खाली बोट फिरवलं. "शून्य."

"बघा. पहिलीच. म्हणजे इंजेक्शनचा दोष नाही, हिच्या अंगात वात असेल. पुढचा पेशंट पाठवा."

जननी माझ्याकडे बघत राहिली. शर्टावर काही सांडलंय की काय म्हणून मी पाहिलं. काही नव्हतं.

जाताना दारात ती म्हणाली, "सार, अक्का कशा आहेत?" मी म्हटलं, बऱ्या आहेत, उपास करतात. हिला कामाच्या वेळी कौटुंबिक चौकशा सुचतात.

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

आता रात्रीचे किती वाजले पाहत नाही. लिहायलाच हवं.

संध्याकाळी अक्काला म्हटलं, शनिवारी आराधनेला पहाटे पाचला गाडी सांगितली आहे, लवकर तयार हो. ती म्हणाली, "मी येत नाहीं."

मला राग आला. म्हटलं, हे आळसाचं टोक झालं. गोलू गेला, कोलम गेला, आता हेही? त्रेचाळीस वर्षं चुकवलं नाहीस, आणि यंदा नवीन गुडघ्यावर चुकवणार?

"खालीं बसतां येत नाहीं रे, अनिरुद्धा. तेथें पांच घंटे वाळूवर बसाचं आहे. खुर्ची घेऊन जाऊं? सगळीं खालीं, आणि मी एकटी वर, देवाहून उंच?"

"केव्हापासून बसता येत नाही?"

तिने स्वयंपाकघराकडे हात केला. भिंतीवर नवं कॅलेंडर. ते उचललं तर त्याच खिळ्याला खाली जुनं.

"ह्या उपासाच्या फुल्या?"

"उपास कोठें रे. मज साखरेच्या गोळ्या आहेत, महिन्यांत सतरा उपास करून मी जगेन? गोळ्या तूंच आणून देतोस." ती हसली, मला वाटतं माझीच कीव आली म्हणून. "सकाळीं कोलम घालाला उठतें. बसतां आलं नाहीं कीं एक फुली. डॉक्टर विचारील म्हणून लिहून ठेवलं. मग तूं म्हणालास, तुझं नांव पुसलं. तरी सवय लागली होती."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तूं वाचत होतास."

जमिनीवर बसून मी जुलैपासूनच्या फुल्या मोजल्या. एकशे बेचाळीस. प्रत्येक फुलीच्या शेजारी, बारीक तमिळ अक्षरांत, सूज कमी होती की जास्त. ज्या दिवशी त्रास झाला त्याच दिवशी लिहिलेलं, नंतर आठवून नाही. आमच्या इस्पितळात इतकी चोख नोंद कोणाचीच नाही. मी जन्मभर मोजण्याचा पगार घेतला, आणि रोज सकाळी त्या कॅलेंडरखाली उभं राहून कॉफी प्यायलो.

महालक्ष्मीच्या दिवशी मी शून्य म्हणालो. ती दुसरी होती. त्यानंतर आठ जणांना इंजेक्शन दिलंय. तो शून्य माझ्याच हातचा होता.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज दोन इंजेक्शनं ठरलेली होती. सकाळी आठलाच पोचलो आणि दोघांनाही घरी पाठवलं. मग डॉक्टरांच्या टेबलावर यादी ठेवली. वरती जागा नव्हती, म्हणून समासात लिहिलं: सुंदरीबाई, इंजेक्शन १२ जुलै २०२४, गुडघा आखडला. शेजारी कॅलेंडर ठेवलं.

डॉक्टरांनी वाचलं. "सार, हिला आत घेतलं की नोंदणीआधी पेशंट घेतला होता हे आपणच कबूल करतो. कोणी छापणार नाही. परिषद गेली."

"गेली."

"मग तेव्हा का..." ते थांबले, आणि मग जे म्हणाले ते मी त्यांच्याकडून कधीही अपेक्षिलं नव्हतं. "मी तारीख बदला म्हणत होतो. चूक होती, मान्य. पण माझ्या खोट्यात तुमच्या अक्का यादीत राहिल्या असत्या, सार. त्यांचा गुडघा मोजला गेला असता. गाळायचं तुम्ही सांगितलंत."

या माणसाला मी सहा महिने या वहीत नावं ठेवली. नाकाने कांदे सोलणाऱ्याचे डोळे शेवटी स्वतःच्याच कांद्याने भरतात.

एथिक्स कमिटीला पत्र मी लिहिलं, मसुदा जननीने दुरुस्त केला. माझं वाक्य होतं, 'एक पेशंट अनवधानाने यादीबाहेर राहिली.' तिने 'अनवधानाने' खोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग 'राहिली'च्या जागी तिने 'काढली' लिहिलं, आणि कोणी काढली तेही. डॉक्टरांनी सही केली. मुकाट्याने केली, हे लिहून ठेवतो.

दुपारभर जननीने इंजेक्शन घेतलेल्या सगळ्यांना फोन केले. पापनाशमची एक बाई म्हणाली, हो, दीड महिना सुजलाय, पण तुमच्याकडून कोणी विचारलं नाही. तिसरी.

१८ जानेवारी, शनिवार

आज आराधना. आम्ही गेलो नाही. जननी सकाळी घरी आली आणि अक्काचा गुडघा तपासला, चांगला अर्धा तास. सोमवारी मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलंय, दुसऱ्या इस्पितळात. पुन्हा मांडी घालता येईल का, विचारलं. "सांगता येत नाही, अक्का," ती म्हणाली. तंजावरात पहिल्यांदाच कोणी डॉक्टर 'सांगता येत नाही' म्हणाला असेल.

ती गेल्यावर अक्का खुर्चीवर, मी खाली. रेडिओवर तिरुवैयारूचं गाणं लागलं होतं. ती बोटांनी मांडीवर ताल धरत होती, चांगल्या गुडघ्याच्या बाजूने.

"रोज काय लिहितोस रे त्या वहींत?" तिने विचारलं. "मज वाचून दाखव."

सहा महिने हे कुलूप लावून ठेवलं होतं. म्हटलं, कुठलं पान वाचू? ती म्हणाली, ज्या दिवशीं मज पुसलंस तें.

मी वाचलं. सात ऑगस्ट. 'आजचा दिवस मी जपून लिहितो' पासून, उभा राहिलो ते, या हातांनी एक मार्क बदललेला नाही ते, नियमापुढे नातं पाहिलं नाही ते, 'संशोधनातलं तिला काय कळणार' हेसुद्धा. एक शब्द गाळला नाही. वाचून झाल्यावर वर बघायची हिंमत झाली नाही.

अक्काने जुनं कॅलेंडर मांडीवर ओढलं, चष्मा चढवला आणि ऑगस्टवर बोट फिरवत गेली.

"सात," ती म्हणाली. "फुली आहे रे त्या दिवशीं."